आजोबा ‘रिझर्व्हला’ होते म्हणजे नेमके कुठे होते? राखीव पायदळाचे जुने कागद लावण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात, तसेच घाटमाथ्यावरच्या चंदगडात, ज्या घरात एखादा फौजी पेन्शनर होऊन गेला त्या घराच्या माळ्यावर काळी पत्र्याची ट्रंक बहुधा सापडतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. आत एखादे पदक, वाळवीने कडा खाल्लेले डिस्चार्ज बुक आणि पलटणीचा एक पिवळट फोटो असतो. माणूस जाऊन पंचवीस-तीस वर्षे झालेली असतात आणि त्याच्याविषयी घरात एकच वाक्य उरलेले असते : ‘आमचे आजोबा रिझर्व्हला होते.’ आमच्या तालुक्यातल्या अशा बऱ्याच ट्रंका मी हौसेने उघडून पाहिल्या आहेत, आणि घोटाळ्याची सुरुवात जवळजवळ प्रत्येक वेळी याच वाक्यापासून होते असा माझा अनुभव आहे. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला फौजेत निदान तीन वेगळे अर्थ आहेत. त्यांपैकी आपल्या घराला कोणता लागू पडतो हे ठरवल्याशिवाय शोध सुरू केला, तर माणूस भलत्याच पलटणीच्या दारात जाऊन उभा राहतो.

शब्दाचा अर्थ आधी ठरवावा

पहिला अर्थ रिझर्व्हिस्टचा. शिपाई ठरावीक वर्षे पलटणीत प्रत्यक्ष चाकरी करतो, तिला कलर सर्व्हिस म्हणतात. त्यानंतर तो घरी येतो, शेती करतो, पण त्याचे नाव राखीव यादीत राहते आणि बोलावणे आले की त्याला हजर व्हावे लागते. हिंदुस्थानी फौजेत ही पद्धत १८८६ साली सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांतील डिस्चार्ज बुकांत ‘सात वर्षे कलर, आठ वर्षे रिझर्व्ह’ अशी नोंद पुष्कळदा दिसते. दोन्ही मिळून पंधरा वर्षे भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळे. म्हणजे असा माणूस आधी पूर्ण वेळचा शिपाई होता आणि ‘रिझर्व्ह’ हा त्याच्या नोकरीचा उत्तरार्ध होता.

दुसरा अर्थ टेरिटोरियलचा, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी चढवणाऱ्या नागरिक-सैनिकाचा. इंग्रजांच्या काळात १९२० च्या कायद्याने इंडियन टेरिटोरियल फोर्स उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना, म्हणजे टीए, आली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

तिसरा अर्थ रणांगणावरचा आहे. ब्रिगेडमध्ये साधारणपणे तीन पलटणी, म्हणजे बटालियना, असतात. हल्ला चढवताना ब्रिगेडियर दोन पलटणी पुढे घालतो आणि एक हाताशी राखून ठेवतो, तिला ‘ब्रिगेड रिझर्व्ह’ म्हणतात. संपूर्ण ब्रिगेडही याच रीतीने डिव्हिजनच्या राखीव फळीत असू शकते. अशा वेळी म्हातारा ‘आम्ही त्या दिवशी रिझर्व्हला होतो’ असे म्हणतो तेव्हा तो एका दिवसाची, फार तर एका आठवड्याची हकीकत सांगत असतो. घरचे लोक मात्र ती सगळ्या नोकरीला चिकटवून टाकतात.

आमच्याच घरात हे घडले. माझे थोरले आजोबा ‘रिझर्व्हवाले’ म्हणून ओळखले जात, आणि त्यांनी लढाई पाहिलेलीच नाही असे समजून भाऊबंद त्यांची थोडी थट्टाही करीत. त्यांच्या पश्चात डिस्चार्ज बुक हाती आले तेव्हा रिझर्व्हमध्ये बदली झाल्याची तारीख महायुद्ध संपल्यानंतरची निघाली, आणि त्याच डब्यात इटली स्टार हे पदक होते. इटलीच्या मोहिमेत राहून आल्यावर ते राखीव यादीत गेले होते. तारखेकडे आधी पाहावे, हा धडा मला तिथे मिळाला.

या तीन अर्थांशिवाय डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर, हिलाही गावात काही जण ‘रिझर्व्ह’ म्हणतात. पेन्शनीनंतर पुन्हा भरती होऊन फौजी आस्थापनांच्या पहाऱ्यावर राहिलेल्यांची ती नोकरी. तिचे कागद वेगळे असतात, ते बाजूला ठेवावेत.

पदक घासू नये, वाचावे

कागद नसले किंवा ओले होऊन चिकटलेले असले तरी पदक बोलते. दोन्ही महायुद्धांतील जी पदके हिंदुस्थानी शिपायांना मिळाली, त्यांच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. (दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांची पदके सरकारने कोरी दिली, आपल्या माणसांची नावानिशी दिली, हे आपले भाग्यच म्हणायचे.) गोल पदकावर ही अक्षरे कडेला असतात. ताऱ्याच्या आकाराच्या पदकाला कड नसल्यामुळे ती पाठीमागे असतात, आणि फ्रेममध्ये चिकटवलेल्या ताऱ्यांची पाठ कित्येक घरांत कुणी पाहिलेलीच नसते.

दसऱ्याला तांब्या-समईबरोबर पदकही चिंचेने घासून लख्ख करण्याची आपल्या बायकामाणसांची रीत आहे. तिने दरवर्षी अक्षरांचा एक पापुद्रा जातो. पदक मऊ सुती फडक्याने नुसते पुसावे. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्चचा उजेड कडेवर आडवा पाडावा, म्हणजे खोलगट अक्षरांच्या सावल्या उठतात. तरीही वाचता आले नाही तर कडेभोवती पातळ कागदाची पट्टी गुंडाळून शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. मी एकदा या पट्टीवरचा ८ हा आकडा ३ असा वाचून अर्ज पाठवला आणि अर्थातच तो ‘या नंबराचा इसम आढळत नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. तेव्हापासून दुसऱ्या माणसाकडून नंबर वेगळा वाचून घेतो आणि दोन्ही वाचने जुळल्याशिवाय पुढे जात नाही.

आकड्यांची गुंतागुंत

पलटणीचा आकडा सापडला की लोकांना हायसे वाटते, पण खरी मेहनत तिथे सुरू होते, कारण एकाच पलटणीला दीडशे वर्षांत चार-चार आकडे लागलेले आहेत. एक उदाहरण सावकाश पाहू. मुंबई फौजेची पाचवी नेटिव्ह इन्फन्ट्री १८४० साली बलुचिस्तानातील काहान या गढीत कॅप्टन लुईस ब्राऊनच्या हाताखाली वेढ्यात सापडली आणि तिने ती गढी कित्येक महिने लढवली. पुढे १८४१ साली तिला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा मान मिळाला. १९०३ साली लॉर्ड किचनेरच्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले आणि पाचवीची १०५ झाली. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंट बनवली गेली, तेव्हा १०५ ही तिची दुसरी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर रेजिमेंटचा पाचवा क्रमांक गळाला आणि ती नुसती दुसरी मराठा राहिली. शिपायांच्या तोंडी मात्र ती आजही ‘काली पाचवी’च आहे, कारण जुना आकडा पाच आणि वर्दीवरचा पट्टा काळा. पाच, एकशे पाच, दोन भागिले पाच आणि दोन हे चारही आकडे एकाच पलटणीचे आहेत हे ज्याला माहीत नाही तो चार आजोबांचा इतिहास लिहून बसेल.

‘दोन भागिले पाच’ ही गंमत नाही. जुन्या कागदांत ‘२/५ एम.एल.आय.’ असे लिहितात, आणि एका घरी मला ती दोन मे ही तारीख म्हणून दाखवली गेली होती. तिरप्या रेघेच्या आधी बटालियन आणि नंतर रेजिमेंट, असे वाचावे. बाकीची सांगड अशी : १०३ ची १/५ म्हणजे जंगी पलटण झाली, जिची स्थापना १७६८ ची. ११० ची ३/५ झाली, ११६ ची ४/५ आणि ११७ ची ५/५ झाली, जिला पहिल्या महायुद्धातील कामगिरीबद्दल ‘रॉयल’ हा किताब मिळाला होता. राहिली ११४. तिची १०/५ झाली, म्हणजे प्रशिक्षण बटालियन, आणि तीच १९२२ साली बेळगावात येऊन स्थिरावली. आजचे मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर हा तिचाच विस्तार आहे.

हे बेळगावात का आले यामागेही राखीव दळाचीच कहाणी आहे. १९१४ साली युद्ध पेटल्यावर राखीव यादीतले शिपाई बोलावले गेले तेव्हा त्यांतले पुष्कळ जण वयाने उतरलेले आणि कवायत विसरलेले निघाले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पलटणींची माणसे पडू लागली आणि त्यांची जागा भरायला तयार माणूस मिळेना. दुसऱ्या पलटणींतून माणसे उसनी घेऊन वेळ मारून न्यावी लागली. केवळ राखीव यादीवर विसंबून चालत नाही, रंगरूट घडवून पुरवणारी कायमची पलटण हवी, हे त्या फजितीतून उमगले आणि प्रत्येक रेजिमेंटला दहावी बटालियन मिळाली. कॅम्पातून फिरताना पहाटे रंगरुटांची कवायत ऐकू येते, ती त्या चुकीची दुरुस्ती आहे असे माझ्या मनात येते.

१९२२ च्या पद्धतीत अकरा आणि त्यापुढचे क्रमांक टेरिटोरियल बटालियनांसाठी राखलेले होते. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस आणि त्यापुढचे क्रमांक गॅरिसन बटालियनांना, म्हणजे पिछाडीची ठाणी, पूल आणि गोदामे राखणाऱ्यांना दिले गेले. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच उभी राहिली, आणि १९४२ मध्ये २५ वी महार. या ‘पंचवीस’चा अर्थ त्याआधी चोवीस महार बटालियना होत्या असा नाही, ती गॅरिसन बटालियन होती एवढाच.

आता सर्वांत मोठा सापळा. आजच्या प्रादेशिक सेनेच्या पायदळी बटालियनांचे आकडे १०१ पासून सुरू होतात, आणि १९२२ पूर्वीच्या मुंबईकर पलटणींचे आकडेही शंभरीतच होते. १०१ म्हणजे १९२२ पूर्वी ग्रेनेडियर्स, आज पुण्याची मराठा लाइट इन्फन्ट्रीची टीए बटालियन. १११ म्हणजे १९१७ साली उभारलेली आणि युद्धानंतर मोडलेली महार पलटण. महेंद्रसिंह धोनी यांना ज्या बंगळूरच्या १०६ पॅरा टीए बटालियनमध्ये मानद लेफ्टनंट कर्नल केले, त्या आकड्याची १९२२ पूर्वीची पलटण हजारा पायोनियर्सची होती. तेव्हा शंभरीतला आकडा दिसला की शेजारची तारीख शोधावी. १९२२ च्या आधीची तारीख असेल तर नियमित पलटण, १९४९ नंतरची असेल तर टीए. तारीखच नसेल तर पदकावरचा राजा की अशोकस्तंभ, एवढे पाहिले तरी पुरे.

पलटणीवरून ब्रिगेड

पलटण सापडल्यावर बहुतेक लोक थांबतात. माझ्या मते तिथे थांबू नये, कारण पलटण माणूस कुणाचा होता ते सांगते आणि ब्रिगेड त्या दिवशी तो कुठल्या डोंगरावर होता ते सांगते. सुमारे दहा जणांचा सेक्शन, तीन सेक्शनांचा प्लाटून, तीन प्लाटूनांची कंपनी, चार रायफल कंपन्या आणि मदतीच्या तुकड्या मिळून सुमारे आठशेची बटालियन, तीन बटालियनांची ब्रिगेड आणि तीन ब्रिगेडांची डिव्हिजन, असा हा उतरंडीचा ढाचा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिगेडमध्ये चार बटालियना असत, त्यांपैकी सर्वसाधारणपणे एक ब्रिटिश आणि तीन हिंदुस्थानी. दुसऱ्या महायुद्धात एकूण तीन, एक ब्रिटिश आणि दोन हिंदुस्थानी, असे प्रमाण बरेचदा राहिले.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ब्रिगेड ही रेजिमेंटसारखी नातलगांची जमात नसते. पहिल्या महायुद्धातला मेसोपोटेमियातील कूत-अल-अमाराचा वेढा घ्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या, पण ११७ वी १६ व्या ब्रिगेडमध्ये, १०३ री १७ व्या ब्रिगेडमध्ये आणि ११० वी १८ व्या ब्रिगेडमध्ये होती. डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात राहून २९ एप्रिल १९१६ रोजी तिन्ही शत्रूच्या कैदेत गेल्या. म्हणून ‘पणजोबा कूतला होते’ एवढ्यावरून डिव्हिजन कळते, ब्रिगेड कळायला पलटणीचा आकडा लागतोच.

उलट बाजूने, एकच पलटण वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या ब्रिगेडमध्ये दिसते. ३/५ मराठा १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या लढाईत पाचव्या डिव्हिजनच्या ९ व्या ब्रिगेडमध्ये होती. १९४४ साली इटलीत ती दहाव्या डिव्हिजनमध्ये होती, आणि तिथेच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या सेक्शनमधले बाकीचे सगळे पडल्यावर मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चाल केली, मोर्चा मोडला आणि तिथेच ते गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच तिसरी बटालियन पुढे २ पॅरा, म्हणजे छत्रीधारी पलटण, झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशातील टांगाईलला विमानातून उतरली. १/५ मराठा इटलीत आठव्या डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर कंपनीचा रनर असलेला शिपाई नामदेव जाधव याने जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणले आणि मग मशीनगनचे तीन मोर्चे मोडले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २/५ मराठा ११ व्या ब्रिगेडमध्ये होती आणि जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुक पडले तेव्हा कैदेत गेली.

सगळ्यांत चकवणारा प्रकार ४/५ मराठाचा. ती २३ व्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडची पलटण. पण मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकला जपान्यांशी झुंज झाली तेव्हा ती ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली लढली. कागदात ‘पॅराशूट ब्रिगेड’ असे पाहून घरच्यांनी आजोबांना छत्रीधारी ठरवावे, यात त्यांचा दोष नाही. अशा उसनवारीसाठी इंग्रजीत ‘अंडर कमांड’ हे शब्द येतात. ते दिसले की त्यांच्या आधीची आणि नंतरची ब्रिगेड कोणती, हे शोधावे.

ब्रिगेडचा माग काढण्याचे खात्रीचे साधन म्हणजे युद्ध-डायऱ्या. प्रत्येक पलटण आणि प्रत्येक ब्रिगेड मुख्यालय रोजची नोंद ठेवी. त्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत : पहिल्या महायुद्धाच्या ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत, दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेच्या १६९ मध्ये, इटलीकडच्या १७० मध्ये आणि ब्रह्मदेशाच्या १७२ मध्ये. सूची संगणकावर पाहता येते. पलटणीची डायरी ‘आज रिझर्व्हला’ एवढेच लिहून मोकळी होते. ती का राखून ठेवली, केव्हा पुढे घातली आणि शेजारी कोण होते, हे ब्रिगेडच्या डायरीत असते, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवून वाचाव्यात.

राखीव ब्रिगेड शोधण्यात वेळ घालवू नये

टेरिटोरियल आजोबांच्या बाबतीत मात्र हे उलटते. इंग्लंडमध्ये १९०८ साली टेरिटोरियल फोर्स उभे राहिले तेव्हा त्याला चौदा पायदळी डिव्हिजन, प्रत्येकात तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये चार बटालियन असा पुरा सांगाडा दिला होता. १९१४ च्या अखेरीस त्यांतली तीन डिव्हिजन हिंदुस्थानात पाठवली, म्हणजे येथील नियमित गोऱ्या पलटणी युद्धावर जाऊ शकतील. इथे आल्यावर त्या ब्रिगेड मोडून पलटणी छावण्याछावण्यांत वाटल्या गेल्या. हॅम्पशायर रेजिमेंटच्या अशा एका पलटणीचा एक भाग पुढे कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्याच बरोबर सापडला.

हिंदुस्थानी टेरिटोरियल दळाला असा ब्रिगेडचा सांगाडा मिळालाच नाही, आणि आजच्या टीएलाही स्वतःच्या पायदळी ब्रिगेड नाहीत. बटालियना प्रशासनासाठी ग्रुप मुख्यालयाखाली असतात, दक्षिण कमांडचे पुण्यात आहे. प्रत्यक्ष तैनातीवर गेल्या की त्या तिथल्या नियमित ब्रिगेडच्या हाताखाली काम करतात, आणि पुष्कळदा पुरी बटालियन न जाता एकेक कंपनी जाते. म्हणून टीएच्या कागदावर कंपनीचे अक्षर दिसले तर ते ठळक नोंदवावे, कारण ब्रिगेड त्यावरून ठरते.

आपल्या भागातला माणूस टीएत असेल तर तो कोल्हापूरच्या १०९ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, बेळगावच्याच ११५ महारमध्ये किंवा पुण्याच्या १०१ मध्ये असण्याची शक्यता अधिक. बेळगाव म्हटले की मराठा रेजिमेंट असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे, त्यामुळे ११५ चा माणूस घरच्यांच्या सांगण्यात मराठा रेजिमेंटचा होतो आणि अर्ज चुकीच्या दारी जातो. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

टीएच्या कागदातला कळीचा शब्द एम्बॉडिमेंट. माणूस भरती झाला म्हणजे तो नोकरीवर आहे असे नसते. त्याला एम्बॉडी केले की पगार आणि सेवा सुरू होते, डिसएम्बॉडी केले की तो पुन्हा आपल्या दुकानात किंवा शेतावर. पायदळी बटालियनच्या जवानाला वर्षाला दोन महिन्यांचे प्रशिक्षण असे, आणि युद्ध, बंदोबस्त किंवा सीमेवरची तैनाती निघाली की त्याहून कितीतरी जास्त. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएला बोलावणे आले होते. पेन्शन जोडताना जवानाची एम्बॉडीड सेवा एकूण पंधरा वर्षे भरावी लागते, भरतीपासूनची वर्षे मोजत नाहीत. म्हणून या दोन शब्दांच्या प्रत्येक जोडीची तारीख वहीत स्वतंत्र ओळीवर लिहून दिवसांची बेरीज करावी. विधवा आजीच्या अर्जासाठी हा तक्ता मी दोनदा केला आहे, आणि दोन्ही वेळा घरच्यांच्या समजुतीपेक्षा बेरीज वेगळी आली.

गाव कुठल्या जिल्ह्यात होते?

सीमाभागातल्या माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, त्यामुळे जुन्या कागदात चंदगडचा शिपाई बेळगावचा म्हणूनच नोंदलेला आहे. आज बेळगाव शहरात मोडणारे शहापूर सांगली संस्थानात होते, तेव्हा तिथल्या माणसासमोर ‘सांगली स्टेट’ दिसले तर सांगलीला शोधायला जाऊ नये. राज्याच्या रकान्यात १९५६ पूर्वी मुंबई, नंतर म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक येते, आणि नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव बेळगावी. एकाच माणसाच्या भरतीच्या, सुटण्याच्या आणि पेन्शनच्या कागदांवर तीन राज्ये असू शकतात, आणि वारसाचा दाखला देणारा कारकून त्यावर अडून बसतो. अशा वेळी तालुका आणि गाव कायम आहे हे दाखवणारा जुना उतारा सोबत जोडावा.

युद्धात गेलेल्या माणसासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संगणकावर पाहता येते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत मेलेल्यांचीच नावे तीत आहेत. परत आलेला आजोबा तिथे सापडणार नाही. नावापुढे बऱ्याचदा बापाचे नाव आणि गाव दिलेले असते, पण इंग्रज कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते. आडनावाने शोधून काही मिळाले नाही तर पलटणीने शोधावे आणि गावाचे नाव चार प्रकारे लिहून पाहावे.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

प्रत्येक रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावातच आहे, ही आपली सोय. अर्जात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका, भरती आणि सुटण्याची तारीख लिहावी. वारसाने स्वतःच्या सहीने अर्ज करावा आणि नात्याचा पुरावा जोडावा. इतिहास हवा असे मोघम न लिहिता नेमके मागावे : कलर सर्व्हिस केव्हा संपली, रिझर्व्हमध्ये केव्हा गेले, पुन्हा बोलावले होते का, कोणकोणत्या बटालियनमध्ये होते.

पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे सविस्तर कागद नियमाने पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे ‘दस्तऐवज उपलब्ध नाहीत’ असे उत्तर येण्याची तयारी ठेवावी. तरी निराश होऊ नये. लाँग रोल नावाचे रजिस्टर कायम राखले जाते आणि त्यात एका माणसाची एक ओळ असते. दुसऱ्या अर्जात लाँग रोलचा उतारा असा शब्द वापरून मागावा. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनरांच्या आणि विधवांच्या नोंदी असतात. तिथे जाताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला सोबत न्यावे, कारण तिला आठवणारी एखादी गोष्ट, म्हणजे पोस्टाने येणाऱ्या मनीऑर्डरीवरचा छावणीचा पत्ता किंवा नवऱ्याच्या सुभेदाराचे आडनाव, कागदाहून पक्की निघते.

सगळे हाती आले की एका पानावर पाच रकान्यांचा तक्ता आखावा : तारीख, ठिकाण, बटालियन, ब्रिगेड आणि त्या दिवशीची स्थिती, म्हणजे आघाडीवर, राखीव, रिझर्व्हिस्ट म्हणून घरी किंवा एम्बॉडीड. प्रत्येक ओळीसमोर ती कशावरून लिहिली हे टिपावे, पदकावरून की आजीच्या सांगण्यावरून. रिकामी जागा रिकामीच ठेवावी, अंदाजाने भरू नये. मूळ कागदांचे फोटो काढावेत पण त्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, आणि ट्रंक होती त्याच घरात परत ठेवून यावी. तक्त्याची एक प्रत झाकणाच्या आतल्या बाजूला सुताने अडकवलेल्या पाकिटात घालावी. वाळवीला कडुनिंबाचा पाला चालतो, डांबरगोळ्या मात्र पदकांच्या फितीपासून लांब ठेवाव्यात.